सात आणि आठच्या मधलं दार

क्रमांक ७, ॲबट रो, लिमरिक
३ फेब्रुवारी १९९८

कोलमन,

हे पत्र टपालाने आलं याचं नवल करत बसू नकोस. तुझ्या पायरीवर उभी राहून घंटा वाजवायची माझी तयारी नाही, आणि वाजवली तरी तू दार उघडणार नाहीस. तेव्हा हा कागद कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीत पडेल, गावाबाहेरच्या कचेरीत जाऊन शिक्का खाईल आणि लिलिस पोस्टमनच्या पिशवीतून पुन्हा आपल्याच रस्त्यावर येईल. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत दोन लोखंडी कठडे आहेत. असो.

कामाचं बोलते. शुक्रवारच्या वाऱ्यात छपराच्या कठड्याची एक वीट पडली. माझ्या घराची की तुझ्या, हे विचारू नकोस, कारण ती बरोबर सात आणि आठच्या मधल्या रेषेवर होती. पडली मात्र रस्ता आणि घर यांच्या मधल्या, माझ्या तळघरापुढच्या खड्ड्यात. जिरेनियमची कुंडी फुटली. माझं डोकं तिथून हातभर लांब होतं, पण त्याबद्दल तुला पत्र लिहिलं नसतं.

लिहिण्याचं कारण नगरपालिकेचा माणूस. तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मान मोडेपर्यंत वर बघत होता.

"बाई, तुमच्या भिंतीला पोट सुटलंय हो."

"तिचं वय दोनशे वर्षं आहे," मी म्हटलं. "तुमचं किती?"

त्याने कोटाची बटणं लावली आणि कागद काढला. कागदात असं आहे की, दोन्ही घरांची दर्शनी भिंत एकत्र पुढे झुकते आहे. मे संपायच्या आत ती बांधून घ्यायची, नाहीतर पालिका दोन्ही घरांचे वरचे दोन मजले पुढून उतरवणार आणि आपल्याला बाहेर काढणार. एकाच घराचं काम करून भागणार नाही. एकाला आवळलं तर दुसरं सुटेल.

मी कुठे जाईन ते ठरलेलंच आहे. नन्सच्या वृद्धाश्रमात एक खोली मिळेल, असं फादर म्हणाले. तिथे रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला देतात. तू कुठे जाशील ते मला ठाऊक नाही. आपण दोघं भावंडं या घरांबाहेर कधी राहिलो नाही.

मी एक इंजिनिअर बोलावली आहे. तिला दोन्ही घरं आतून बघायची आहेत. तिला आत घे. माझं मागणं एवढंच आहे.

इटा


१९ फेब्रुवारी

कोलमन,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर तुझं अक्षर: 'या नावाचं इथे कुणी राहत नाही.' बंदरावर इतकी वर्षं पेट्यांची नोंद करूनही तुझं अक्षर बिघडलं नाही, हे पाहून बरं वाटलं.

लिलिस ते पाकीट दोन बोटांत धरून दारात उभा होता.

"नियमाप्रमाणे परत द्यावं लागतंय, बाई. पण इथे कुणी राहत नाही असं लिहायला त्यांनी माझंच पेन मागून घेतलं हो."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, साहेब, राहत नसाल तर नसू दे, पेन तेवढं परत करा." तो पायरीवर जरा टेकला. "तुम्ही दोघं भिंतीवर टकटक का नाही करत? माझी ढोपरं तरी वाचतील."

"टकटक केली तर भिंत पडेल, लिलिस. तेच तर लिहितेय त्याला."

म्हणून या खेपेला पाकीट तपकिरी घेतलं आहे, पत्ता मी नोकरी केली त्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यातल्या जुन्या टंकयंत्रावर काढला आहे आणि आधीच्या पत्राची नक्कल आत घातली आहे. सरकारी दिसणारं पाकीट तू फोडल्याशिवाय राहत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

इंजिनिअर येऊन गेली. ब्रोना फॉली. तिशीची असेल, बूट मोठे, बोलणं थोडं. केरीची आहे, म्हणजे आपल्या लेखी परकीच. सेंट मंचिनला देवळाचा दगड उचलायला आपल्या गावकऱ्यांनी हात दिला नाही, वाटेवरच्या परक्यांनी दिला, म्हणून त्याने शाप दिला की इथे परक्यांचं भलं होईल आणि गावचा माणूस झिजत राहील. आई हे दर आठवड्याला ऐकवायची. तेव्हा या मुलीचं इथे चांगलंच होणार आहे.

ती सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली, खिडकीजवळची एक फळी उचलली आणि म्हणाली, "हात घाला."

जमिनीच्या फळ्या आणि पुढची भिंत यांच्या मधल्या फटीत माझा हात मनगटापर्यंत गेला. आत रस्त्यावरची हवा लागली. ज्या खोलीत मी पंधरा वर्षं इस्त्री केली, तिची पुढची भिंत त्या खोलीला चिकटलेलीच नाही.

मी तिला म्हटलं, हे माझ्या भावाचं काम. त्याने नऊ वर्षांमागे शेजारची वरची खिडकी चौकटीसकट काढली होती, तुळई लावली होती, दोर सोडले होते.

"कशासाठी?"

"आईला खाली आणायला."

तिने पेन्सिल थांबवली. मग सांगावं लागलं. काय सांगितलं ते तुलाही कळू दे, कारण एवढ्या वर्षांत तुझ्यासमोर मी ते कधी बोलले नाही.

मी सांगितलं की, बाबांनी ही दोन घरं कुणी घेत नव्हतं तेव्हा घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर, जिना वळतो त्या चौकावर, मधल्या भिंतीत दार पाडून त्यांचं एक लॉज केलं. चांगल्या खोल्या फिरत्या विक्रेत्यांना, आणि आपण सगळे वर, नोकरांच्या मजल्यावर. बाबा गेले, लॉज बंद झालं, सात मला आलं, आठ तुला, तरी आई आठच्या वरच्या खोलीतून हलली नाही. तिथून नदी दिसते, म्हणायची. तिथेच गेली. तिथेच लोकांनी तिचं अंतिम दर्शन घेतलं, रिवाजाप्रमाणे रात्रभर जागले, तुझा चहा प्यायले आणि माझं हॅम खाल्लं. आणि सकाळी कळलं की शवपेटी जिन्यातून वळत नाही. या घरांचा जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत असा रुंद की दोन बायका घोळदार झगे घालून शेजारी शेजारी उतरतील, आणि त्याच्या वर असा की कोळशाची बादली आडवी धरता येत नाही. ज्यांना दाखवायचं त्यांच्यासाठी एक जिना, ज्यांना राबवायचं त्यांच्यासाठी दुसरा. पेटीवाले म्हणाले, उभी करून, पट्ट्यांनी बांधून आणू. सगळीकडे तसंच करतात. मी हो म्हटलं आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिले. सगळा रस्ता टोप्या काढून उभा होता. मी दाराकडे बघत होते, आणि आई वरून आली.

बंदरावरचे चार हमाल दोर सोडत होते आणि तू खिडकीत उभा राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत होतास. पियानो उतरवतात तशी उतरवलीस तिला. त्या आठवड्यात मी गवंडी बोलावला आणि मधलं दार बंद केलं.

हे सगळं ऐकून मिस फॉली म्हणाली, "खिडकीमुळे काही झालेलं नाही."

"मग सिमेंट," मी म्हटलं. कारण तू शहाणपणा करून आठच्या सगळ्या दरजांतला चुना खरवडून सिमेंट भरलंस, ते मी कुणालाही सांगायला चुकत नाही. सगळ्या लिमरिकने त्या काळात तेच केलं, टापटीप दिसतं म्हणून, आणि आता सगळ्यांच्या विटांची तोंडं पापुद्र्यांनी सुटताहेत.

"सिमेंटने विटांचं वाटोळं केलंय, भिंतीचं नाही," ती म्हणाली. "ही भिंत मुळात एक नाहीच."

मग तिने समजावलं. दोनशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्याने पुढची वीट चांगली आणली, एकसारखी, लाल, जादा दामाची. आतली वीट कशीही, वाकडीतिकडी. पुढचे गवंडी वेगळे, आतले वेगळे. थर जुळेनात, म्हणून पुढच्या विटा अर्ध्या मोडून लावल्या, आत गुंतवल्याच नाहीत. मध्ये मध्ये लाकडाच्या पट्ट्या घातल्या होत्या, त्या केव्हाच कुजल्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. दोनशे वर्षं या दोन भिंती नुसत्या एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत, आणि लोक समजतात एकच भिंत आहे.

"म्हणजे चूक कुणाची?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसाची. त्याला बिल पाठवता येणार नाही."

मला हे आवडलं नाही. नऊ वर्षं मी खिडकीला धरून होते.

भिंत आवळायला लोखंडी सळया तुझ्या घरातून माझ्या घरात जायला हव्यात. ती मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी दहा वाजता तुझ्या दारात येईल.

इटा


२० मार्च

कोलमन,

तिला आत घेतलंस. बरं केलंस.

ती तुझ्याकडून निघाली आणि तशीच माझ्याकडे आली. मी तिला चहा दिला आणि विचारलं, कसा राहतो तो? नीट जेवतो का? वर कोळसा कोण नेतं?

"मी भिंती बघायला गेले होते, मिस कॉन्सिडाइन."

"भिंतीच्या आजूबाजूला काही दिसलं असेल की नाही?"

"घर स्वच्छ आहे," एवढंच म्हणाली. मग तिसरं बिस्किट घेतलं आणि जरा सैल झाली. तू आईच्या खोलीत राहतोस, असं कळलं. बाकीची खोली न् खोली बंद, दिवाणखान्याच्या छतावरच्या चुन्याच्या वेलबुट्टीखाली बादली, आणि तू वर, नोकरांच्या मजल्यावर, नदीकडे तोंड करून. एवढ्या मोठ्या घरात सगळ्यात लहान खोली निवडलीस. मीही सातमध्ये तळघरातल्या स्वयंपाकघरातच राहते, तेव्हा तुला हसायचा मला हक्क नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. लॉज बंद पडून जमाना झाला, तरी चांगल्या खोल्या आपण पाहुण्यांसाठीच ठेवल्या आहेत.

उठता उठता तिने दुसरं सांगितलं. मला वाटतं, तुझी तशी इच्छा असावी. नाहीतर तू एका परक्या मुलीशी एवढं बोलला नसतास. तिने खिडकीची चौकट तपासताना तुला विचारलं की, उभी करून आणली असती तर काय बिघडलं असतं. आणि तू म्हणालास, आईनेच सांगितलं होतं. 'मला त्या जिन्यात उभी करू नका. आयुष्यभर त्या जिन्यात मी उभीच होते.'

मी मिस फॉलीला म्हटलं, "मला हे कुणी सांगितलं नाही."

"मीही तेच म्हटलं त्यांना," ती म्हणाली. "ते म्हणाले, तिने विचारलं नाही. गवंडी बोलावला."

ती गेल्यावर मला वाईट वाटलं, कोलमन. फार वाईट वाटलं. आईचा आवाज मला त्या वाक्यात जसाच्या तसा ऐकू आला, हातात ट्रे, गुडघ्यावर तोललेला, आणि वर अजून एक जिना बाकी. ती आडवी होऊन उतरली, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मी खाली उभी राहून लाजत होते.

पण एवढ्याने तू सुटलास असं समजू नकोस. गवंड्याला दार बंद करायला दोन दिवस लागले. पहिल्या संध्याकाळी भिंत कमरेएवढीच झाली होती. तू पलीकडे होतास, तुझ्या खोकल्याचा आवाज मी ऐकला. वरून वाकून एक वाक्य टाकायला तुला कुणी अडवलं होतं? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, आणि मधल्या मध्ये गवंडी पैसे घेऊन गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

धुराड्यातून तुझा रेडिओ अजून ऐकू येतो. हर्लिंगचा सामना हातातून गेला की तू काहीतरी भिंतीवर फेकतोस, तेही. यापुढे फेकू नकोस. भिंत नाजूक आहे.

इटा


८ एप्रिल

कोलमन,

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात कामगार येताहेत. पुढच्या भिंतीच्या मागून, जमिनीच्या फळ्यांखालून, सळया सातच्या टोकापासून आठच्या टोकापर्यंत जातील. दोन्ही टोकांना बाहेरून लोखंडी चकत्या बसतील, ताटाएवढ्या. त्या दिसतील. मिस फॉली म्हणते, दिसल्या तर दिसू द्या, आधार घेतला यात लाज कसली. केरीत तसं असेल.

पण एक अडचण निघाली आहे, आणि तिचा निर्णय मला एकटीला करायचा नाही.

ती मधली भिंत ठोकून बघत होती. दुसऱ्या मजल्याच्या चौकावर आली. तिथे माझ्या बाजूला आईचं चिनीमातीच्या भांड्यांचं कपाट आहे. ते आम्ही दोघींनी सरकवलं. तिने हातोडीच्या दांड्याने बुजवलेल्या दारावर टकटक केली आणि तोंड वाकडं केलं.

"हे कुणी बांधलं?"

"जेर नावाचा गवंडी होता. वारला."

"चांगलं झालं." मग तिला वाटलं आपण जरा जास्तच बोललो. "म्हणजे, वाईट झालं. पण ही भिंत नाही, बाई. हे बूच आहे. बाजूच्या विटांत एकही वीट गुंतवलेली नाही. दारात नुसत्या विटा रचून ठेवल्यात. कडेच्या कडेने फट आहे, बघा."

फट होती. सुरी गेली असती.

तर तिचं म्हणणं असं. आवळल्यावर सगळा भार मधल्या भिंतीवर येणार आणि तिथे असं बूच चालणार नाही. ते काढावंच लागेल. त्यानंतर दोन वाटा आहेत. एक, दोन्ही बाजूंच्या विटा दाताळ्यासारख्या काढून, नव्या विटा त्यांत गुंतवून, चुन्यात अखंड भिंत बांधायची. ती झाली की झाली. ती परत फोडायची म्हणजे घर धोक्यात घालायचं, आणि कुणी परवानगीही देणार नाही. दुसरी वाट, वर पोलादी पट्टी घालून, चांगली चौकट बसवून, दार दार म्हणूनच ठेवायचं. मजबुतीला दोन्ही सारखंच. खर्चातही फारसा फरक नाही, तेव्हा ते कारण कुणाला पुढे करता येणार नाही.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," ती म्हणाली. "अर्धवट काही नको. भिंत तरी हवी, नाहीतर दार तरी."

मी म्हटलं, भावाला विचारून सांगते. हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

तर विचारते. मागच्या खेपेला विचारलं नव्हतं, या खेपेला विचारते. भिंत की दार? कामगार बावीस तारखेला चौकावर पोचतील. तोवर तुझं काही उत्तर आलं नाही, तर मी विटा गुंतवायला सांगीन. कारण तू गप्प राहिलास याचा अर्थ मी माझ्या मनासारखा लावून घ्यायचा, हे बरं नाही. मग तू ऐंशी वर्षांचा हो की मी नव्वदची, ती भिंत आपल्याला दोघांनाही पुरून उरेल.

मला काय हवंय ते लिहिलं नाही, तर पुन्हा तू म्हणशील की इटाने सांगितलं नाही. मला दार हवंय.

पाकिटात दुसरं पाकीट आहे, माझ्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं. एक शब्द पुरे. लिलिसचं पेन तुझ्याकडेच आहे.

इटा


२३ एप्रिल

कोलमन,

तुझं उत्तर आलं नाही. रोज लिलिस फाटकापाशी मान हलवून जायचा. परवा मात्र थांबला.

"साहेबांना आज बसथांब्यावर पाहिलं हो. टोपी, कोट, हातात डबा. म्हटलं, कुठे? तर म्हणाले, किल्कीला."

"किल्कीला? एप्रिलात?"

"मीही तेच म्हटलं. समुद्रावर कुत्रं नसेल या दिवसांत. तर म्हणाले, म्हणूनच. दोन दिवस राहणार आहेत म्हणे."

मी ओळखलं. भिंत बांधताना बघायची नाही, म्हणून तू निघून गेलास. किंवा दार उघडताना बघायचं नाही म्हणून. तुझ्याबाबतीत या दोन्हींत फरक करणं मला कधी जमलं नाही. तुझं पुढचं दार मात्र तू कामगारांसाठी नुसतं लोटून गेला होतास. भर रस्त्यावर, दोन दिवस. लिमरिकमध्ये!

काल सकाळी त्यांनी माझ्या बाजूने विटा काढायला घेतल्या. मी मिस फॉलीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं: उत्तर नाही, तेव्हा भिंत. नव्या विटा चौकावर रचलेल्या होत्या, चुना भिजत होता. छिन्नीसुद्धा लागली नाही, विटा हातांनी निघत होत्या. जेरच्या कामाबद्दल आता मीही काही बोलत नाही.

वरचे चार थर निघाले आणि मागे लाकूड दिसलं. कामगार म्हणाला, "बाई, पलीकडे दार आहे."

मी म्हटलं, असेल, माझ्या भावाने ते कुलूप लावून तसंच ठेवलं असेल, समोर कपाट लावलं असेल. माझ्या बाजूला मी तेच केलं होतं.

सगळ्या विटा निघाल्यावर मला बोलावलं. बाबांनी बसवलेलं दार, तोच हिरवा रंग, तीच पितळी मूठ. माझ्या बाजूने काळवंडलेली, वरून चुन्याचे ओघळ. मी ती फिरवली. फिरवायची म्हणून फिरवली. दार उघडलं.

करकरलंसुद्धा नाही. बिजागऱ्यांना तेल होतं. पलीकडची मूठ लखलखीत होती, आणि दारासमोर काहीच नव्हतं. कपाट नाही, खुर्ची नाही, चटईसुद्धा नाही. पुढे जिन्यापर्यंत मोकळी लाकडी जमीन, मेण लावून पुसलेली. मिस फॉली माझ्या मागे होती. भिंती बघताना हे तिने महिन्यापूर्वीच पाहिलं असणार, आणि मला सांगितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मी भिंती बघते, मिस कॉन्सिडाइन. दारं बघत नाही."

मी आत आले, कोलमन. तुला न विचारता आले, हे सांगून टाकते. अरुंद जिन्याने वर गेले. आईच्या खिडकीच्या लाकडावर दोराने पडलेली खाच अजून आहे, तू ती बुजवली नाहीस. तिथून नदी खरंच दिसते. मी तिथे थोडी बसले आणि रडले, आणि मग खाली येऊन कामगारांना सांगितलं की नव्या विटा उचला.

तू होय म्हणाला नाहीस, ठाऊक आहे. पण नऊ वर्षं तू विटांच्या पाठीला लागलेल्या दाराला तेल घालत होतास. यालाही उत्तर म्हणायचं नसेल तर मग उत्तर म्हणजे काय, ते मला कळत नाही. चुकत असेन तर विटा अजून खाली खड्ड्यात आहेत.

आज सुताराने चौकट बसवली. दार तेच ठेवलं आहे. जाताना त्याने विचारलं, "कडी कुठल्या बाजूला लावू?"

मी विचार केला. मागच्या खेपेला दार बंद करणारी मी होते, माझ्या बाजूने. तेव्हा कडी तुझ्या बाजूला लावून घेतली आहे. माझ्या बाजूला नुसती मूठ आहे.

शनिवारी मी वजडी करणार आहे, आईसारखी, दुधात आणि कांद्यात. सहा वाजता पातेलं घेऊन वर चौकावर येईन आणि मूठ फिरवून बघेन. कडी लागलेली असली तर पातेलं घेऊन खाली जाईन, तक्रार करणार नाही आणि पुन्हा पत्रही लिहिणार नाही.

हे पत्र मधल्या दाराखालून सरकवते आहे. तिकीट लावलेलं नाही.

इटा